साहेबाला विचारायचं नाही

९ जुलै, शनिवार

आत असताना मी कधी वही ठेवली नाही. झडतीला येणाऱ्या बाईला वही सापडली की ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि अख्खी बराक हसायची. सुटून सहा वर्षं झाली तरी लिहायला हात धजत नव्हता. आज पाद्री गेन्स म्हणाले, "सिस्टर व्हर्लीन, तुमच्या मंडळाचं काम कुणीतरी लिहून ठेवायला हवं." मंडळाचं लिहायला बसले आणि निघालं माझंच. असू दे.

मंडळाचं नाव 'परतवाट'. दर गुरुवारी संध्याकाळी माउंट नीबो चर्चच्या तळघरात आम्ही जमतो, सगळे तुरुंगातून सुटलेले. कुणाला घर भाड्यानं मिळत नाही, कुणाला कोंबड्यांच्या कारखान्यातसुद्धा घेत नाहीत, कुणाला पोटच्या मुलानं दारातूनच परत पाठवलेलं असतं. मी त्यांच्यासाठी फोन करते, घरमालकांशी भांडते. भांडायला मला आवडतं.

या उन्हाळ्यात मी मतदानाचं मनावर घेतलंय. आमच्या राज्यात शिक्षा संपली आणि पॅरोलही संपला की माणसाला पुन्हा मत देता येतं. पण हे सांगतो कोण? निम्म्या लोकांना वाटतं की एकदा आत गेलं की मत कायमचं गेलं.

माझं मात्र खरंच कायमचं गेलं. माझ्या हातून नवरा मेला, जन्मठेप झाली, एकोणीस वर्षांनी पॅरोलवर सोडलं आणि तो पॅरोल मरेपर्यंत. याला आम्ही 'कागदावर असणं' म्हणतो. मी कागदावरच मरणार. माझ्या पॅरोलच्या अधिकारीबाई मिसेस डिलवर्थ यांच्या मनात आलं तर उद्या सकाळी परत आत. तुरुंगातून आलेल्यांशी बोलायचीसुद्धा मला बंदी आहे, चर्चच्या कामापुरती तेवढी परवानगी आहे. म्हणून दुसऱ्यांची नावं नोंदवायची मला इतकी घाई. हे फक्त इथंच लिहिते.

२१ जुलै, गुरुवार

आज बारा जण आले. मी मतदानाचं भाषण ठोकलं. बर्निस मागून ओरडली, "मिस व्हर्लीन, मत दिलं की माझा ट्रक चालू होईल का गं?"

मी म्हटलं, "ट्रक नाही होणार. पण तुला आत टाकणारा न्यायाधीश मतावर निवडून येतो, शेरीफही मतावरच येतो. तुझ्या ट्रकला त्यांनी किती वेळा अडवलं ते सांग."

"दर आठवड्याला अडवतात."

"मग?"

सगळे हसले. चार जणांनी अर्ज भरले. ओडेल पिकन्सनं भरला नाही. तो खुर्च्या लावत होता. ओडेल अडुसष्ट वर्षांचा, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करून पोट भरतो. तो सगळ्यांच्या आधी येतो, खुर्च्या लावतो, सगळे गेले की उचलतो. बोलायचं नाव नाही. दर वेळी माझ्यासाठी उकडलेल्या शेंगांची पुडी आणतो. हल्ली त्यात मीठ जवळजवळ नसतंच. मागच्या महिन्यात मी माझ्या रक्तदाबाचं रडगाणं सगळ्यांना ऐकवलं, तेव्हापासून याच्या शेंगा आणखीनच पांचट झाल्या. म्हातारा मिठातसुद्धा काटकसर करतो.

१८ ऑगस्ट, गुरुवार

आज ओडेलला धरलाच. मंडळी गेली होती आणि तो खुर्च्या भिंतीशी रचत होता.

"ओडेल, तू अर्ज कधी भरणार?"

"बघू, मिस व्हर्लीन."

"बघू काय? तू कागदावर आहेस का अजून?"

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "तेच नीट कळत नाही. दोन वर्षांपूर्वी माझा पॅरोलचा हार्गिस साहेब म्हणाला, पिकन्स, तुला आता माझ्याकडे यायची गरज नाही. तेव्हापासून गेलो नाही. त्यानंही बोलावलं नाही."

"मग सुटलास की. यायची गरज नाही म्हणजे आणखी काय असतं?"

"मी म्हटलं, एकदा जाऊन विचारून यावं."

मला असा राग आला! "किती वर्षं होतास आत? एवढंसुद्धा शिकला नाहीस? साहेबाला आपणहून काही विचारायचं नाही. विचारलं की त्याला आपली आठवण होते. मग तो फाईल काढतो आणि फाईल काढली की त्यात काहीतरी सापडतंच. आपल्यातला कुणी शहाणा माणूस पाऊल ठेवतो का त्या कचेरीत?"

"खरंय तुमचं," तो म्हणाला. आमच्यातल्या कुणालाही हे पटलं असतं. आत पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. दिसू नये, ऐकू येऊ नये, विचारू नये.

तरी तो टोपी फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल का, मी भरला तर?"

"माझ्या बरं वाटण्याचा काय संबंध? हक्क तुझा आहे."

त्यानं अर्ज भरला. 'माझी शिक्षा पूर्ण झाली आहे' या ओळीपुढच्या चौकोनापाशी तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हं." त्यानं खूण केली.

२९ सप्टेंबर, गुरुवार

ओडेलचं मतदार कार्ड आलं! इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कार्ड रुमालात गुंडाळून आणलं होतं. मी त्याला म्हटलं, "बघ, झालं की नाही? काउंटीच्या निवडणूक कचेरीनंच पाठवलंय. त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं ना?" तो नुसता हसला. याला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. समोरचा एक दात नाही त्याला.

आता एकूण एकतीस कार्डं आली. पाद्री गेन्स प्रार्थनेत माझं नाव घेणार म्हणाले. मी वरवर नको नको म्हटलं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. सकाळपासून माणसं गाडीत घालून मतदान केंद्रावर पोचवत होते. दारापासून ठरलेल्या अंतरावर मला थांबावं लागतं. मी गाडीतून रांग बघत बसायचे.

ओडेलला शेवटी नेलं. वाटेत त्यानं विचारलं, "कुणाला द्यायचं?"

"ते मी सांगायचं नसतं. तुझं मत आहे."

"तरी सांगा. तुम्हाला असतं तर तुम्ही कुणाला दिलं असतं?"

मग सांगितलं. शेरीफला हा, शाळेच्या समितीवर ही बाई, काउंटीच्या जागेवर मिस्टर लँडी, जो भाडेकरूंच्या बाजूनं बोलतो. ओडेल बोटांवर मोजून पाठ करत होता. केंद्रात बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा टोपीवर 'मी मत दिलं'चं लेबल.

"कसं वाटलं?"

"तुम्ही सांगितलं तस्सं केलं. एकही जागा रिकामी नाही सोडली."

"अरे, तुला कसं वाटलं ते विचारतेय मी."

"चांगलं," तो म्हणाला. "म्हणजे, तुम्हीच आत जाऊन आल्यासारखं."

काय बोलावं या माणसाशी? एकविसाव्या वर्षी दिलं होतं, त्यानंतर थेट सत्तेचाळीस वर्षांनी मत दिलं आणि हे उत्तर. मी त्याला घरी सोडलं. खरं सांगायचं तर रांगेतल्या प्रत्येकाचा मला हेवा वाटला, ओडेलचासुद्धा.

१० नोव्हेंबर, गुरुवार

लँडी पडला. शेरीफ तोच राहिला. ओडेल खुर्च्या उचलताना म्हणाला, "पुढच्या वेळी." लेबल अजून टोपीवर होतं, कडा सुटत आलेल्या.

१८ जानेवारी, बुधवार

ओडेलला धरून नेलं.

सकाळी दोन गाड्या आल्या. तो बनियनवर दारात आला, त्याची शेजारीण सांगत होती. त्यानं शर्ट घालू द्या म्हटलं तर घालू दिला नाही. गुन्हा काय, तर शिक्षा चालू असताना मत दिलं. राज्याच्या राजधानीत कुणीतरी यादीशी यादी ताडून पाहिली. हार्गिसनं त्याला फक्त हजेरीतून मोकळं केलं होतं. पोलिसांनी दारातच सांगितलं, पॅरोल चालूच होता, अजून चार वर्षं.

चार वर्षं. मी चार वेळा शेजारणीला विचारलं की नीट ऐकलंस ना.

कार्ड काउंटीनं पाठवलं. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना कळलं नाही, तर तळघरात बसून आम्हाला कुठून कळणार? हार्गिसनं धड सांगायला नको का? एक वाक्य जास्त बोलला असता तर काय त्याची जीभ झिजली असती? आणि ओडेल तरी. इतका मोठा माणूस, स्वतःचा पॅरोल कधी संपतो हे ठाऊक नसावं?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

१९ जानेवारी, गुरुवार

तळघरात मी आणि पाद्री गेन्स. दुसरं कुणी नाही. बर्निसनं दारातून कार्ड आत फेकलं आणि म्हणाली, "घे तुझं. माझा पॅरोल संपल्याचा कागद आहे माझ्याकडे, तरी नको मला." मी म्हटलं, "अगं, तुझं तर पक्कं आहे." ती म्हणाली, "ओडेलचंही पक्कंच होतं ना?"

खुर्च्या मी लावल्या होत्या, मीच उचलल्या. कंबर धरली.

२४ जानेवारी, मंगळवार

मिसेस डिलवर्थनी बोलावलं. आवाज गोड होता. "व्हर्लीन, या पिकन्स प्रकरणात तुमचा काही हात नाही ना? चर्चचं काम म्हणून मी डोळेझाक केली. कुणाला बेकायदा मत द्यायला लावलं असेल तर तो तुमच्या पॅरोलचा भंग धरावा लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

मी एकसष्ट वर्षांची आहे. यावेळी आत गेले तर तिथूनच मातीत. मला त्याची मरणाची भीती वाटते. इतर कशाची वाटत नाही, पण त्या वासाची, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची वाटते.

२६ जानेवारी, गुरुवार

जेलमधून ओडेलचा फोन आला. आवाज खोल गेलेला. मी रडायलाच लागले. म्हटलं, "ओडेल, मीच तुला म्हटलं होतं ना, विचारायला जाऊ…"

"तू गप्प बस, व्हर्लीन!" तो ओरडला. "एक शब्द बोलू नकोस."

मी थक्क. इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. कायम मिस व्हर्लीन, तुम्ही, अहो. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "घराच्या मागच्या दाराची कडी नीट लागत नाही तुझ्या. पाद्रींना सांगून बसवून घे." आणि फोन ठेवला.

राग आहे त्याचा माझ्यावर. असणारच. जेलचे फोन टिपले जातात हे मला नंतर आठवलं, म्हणजे मी काय बोलून बसणार होते याचीही धडकी भरली. पण त्याचा तो आवाज जात नाही कानातून. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कडीचं काय मध्येच?

१५ फेब्रुवारी, बुधवार

ओडेलला सरकारी खर्चानं वकील दिली आहे, मिस प्रुइट. तरुण पोर, टेबलावर फायलींचा ढीग. मी मंडळातर्फे विचारायला गेले.

ती म्हणाली, "कायद्यात असं आहे की ठाऊक असून मत दिलं हे सिद्ध व्हायला हवं. कुणी जबाबदार माणसानं त्याला सांगितलं असेल की तुला देता येतं, आणि ते तो माणूस कोर्टात शपथेवर सांगेल, तर खटला ढासळतो. नाहीतर त्या अर्जावर त्याची खूण आहे, सही आहे."

"असं कुणी आहे का?" मी विचारलं. मीच विचारलं!

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "मिस्टर पिकन्स म्हणतात, कुणी नाही."

मी पर्स उघडली, बंद केली. म्हटलं, मंडळ प्रार्थना करतंय.

हे इथे लिहिणंसुद्धा शहाणपणाचं नाही. पण कुठेतरी बोलायला हवं.

२ मार्च, गुरुवार

पाद्री गेन्सना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, सत्य सांग. किंवा म्हणतील, नको सांगूस. ते म्हणाले, "सिस्टर, यात मी तुम्हाला सांगू शकत नाही. आत जाणार तुम्ही, मी नाही."

चौदा तारखेला सुनावणी. मी ठरवलंय. उभी राहणार. निळा पोशाख इस्त्री करून टांगलाय. मिसेस डिलवर्थनी काय करायचं ते करावं. एवढं लिहिल्यावर बरं वाटतंय, आज जेवले नीट.

१४ मार्च, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

दुसऱ्या बाकावर बसले, निळा पोशाख घालून. ओडेलला नारिंगी कपड्यांत आणलं, हाताला साखळी. बारीक झालाय. त्यानं मागे वळून मला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. मला वाटलं, मी आलेलं याला आवडलं नाही.

न्यायाधीश तेच, ज्यांच्या विरोधात नोव्हेंबरात कुणी उभंच नव्हतं. मतपत्रिकेवर त्यांचं एकट्याचं नाव. ओडेलनं जागा रिकामी सोडायची नाही म्हणून त्यांनाही मत दिलं असणार.

मी बाकाची कड धरली. ते कागद चाळत होते तेवढ्यात ओडेल मिस प्रुइटच्या कानाशी लागला. ती मान हलवत होती, नाही नाही म्हणत होती. मग ती उठून म्हणाली की माझे अशील गुन्हा कबूल करू इच्छितात. आजच, आत्ता.

न्यायाधीशांनी विचारलं, "मिस्टर पिकन्स, तुम्ही हे स्वखुशीनं करताय?"

"हो, साहेब."

"तुम्हाला मत देता येतं असं कुणी तुम्हाला सांगितलं होतं का?"

एक पंखा तेवढा कुरकुरत होता. हीच ती वेळ. मला फक्त उठायचं होतं. उठलं की सगळे बघणार होते आणि मी बोलणार होते.

"नाही, साहेब," ओडेल म्हणाला. "माझ्याच डोक्यानं केलं."

मी उठले नाही.

पायांना काही झालं नव्हतं. आजारी नव्हते. मी उठले नाही, एवढंच.

पॅरोल रद्द, उरलेली चार वर्षं आत. तो बहात्तर, त्र्याहत्तरचा होऊन बाहेर येईल, आला तर. नेताना त्यानं मागे पाहिलं नाही. मी घरी आले आणि पोशाख घातलेलीच पलंगावर बसून राहिले.

२३ मार्च, गुरुवार

तळघर बंद. पाद्री म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत बघू. मी हो म्हटलं.

६ एप्रिल, गुरुवार

आज मिस प्रुइटकडे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. दारातच सांगून टाकलं, बसायच्या आधी: मी त्याला सांगितलं होतं, मी त्याला साहेबाकडे जाऊ दिलं नाही, अर्जावर खूण करताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी हं म्हटलं. आता लिहून घ्या, मी सही करते, व्हायचं ते होऊ दे.

तिनं पेन उचललं नाही. म्हणाली, "बसा, मिस व्हर्लीन."

मी बसले.

"हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं. सगळं. तुम्हाला साक्षीला बोलावणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. मी तीनदा भांडले त्यांच्याशी. म्हणाले, तिला जन्मठेप आहे, मला चारच वर्षं. कोर्टात तुम्ही दिसलात तेव्हा तर घाबरलेच. म्हणाले, ती उठेल, तिला मी ओळखतो, ती उठायच्या आत मला कबूल करू दे."

ती उठेल, तिला मी ओळखतो. असं म्हणाला तो.

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. याला कुणी सांगितलं होतं माझं ठरवायला? मला विचारायला नको? मी तसं मोठ्यानं म्हटलंही. मिस प्रुइटनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"आता काही करता येत नाही का?"

"कबुली दिली आहे. तुम्ही सही केलीत तर तुम्ही आत जाल आणि तेही आतच राहतील. ते म्हणाले होते, ती कधीतरी येईल, आली की सांग. नाही आली तर राहू दे."

मी रडत होते. भेटायला जाता येईल का, असं विचारलं. तिनं सांगितलं की पॅरोलवरच्या माणसाला कैद्याला भेटायची परवानगी सहसा देत नाहीत, अगदी जवळचं नातं असेल तरच. भेटीचा अर्ज पुढे ओढून तिनं पेन घेतलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं. मंडळात एकत्र होतो, असं म्हणणार होते. तेवढंच खरं आहे, दुसरं काही कधी झालंच नाही आमच्यात. त्यानं कधी विचारलं नाही आणि माझ्याही कधी ध्यानात आलं नाही.

"मिस व्हर्लीन? इथं काय लिहू?"

"थांबा जरा," मी म्हटलं. ती पेन धरून थांबली होती, आणि मला त्याच्या त्या बिनमिठाच्या शेंगा आठवत होत्या.